डॉ. लुडविग गुटमन : खेळाला उपचारांत स्थान देणारा डॉक्टर

पारिजातक

क्रीडावैद्यक हा शब्द आपल्या कानांवर पडतो तो बहुधा एखाद्या क्रिकेटपटूच्या पाठीच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्याची बातमी आली की. आधी खेळाडू, मग दुखापत आणि शेवटी डॉक्टर, असा तो क्रम असतो. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी हा क्रम उलटा लावला. त्यांच्याकडे येणारी माणसे खेळाडू नव्हती. पाठीच्या कण्यात गोळी किंवा बॉम्बचा तुकडा घुसून कमरेखाली लुळे पडलेले ते सैनिक होते, आणि त्यांना खेळ हा उपचाराचा भाग म्हणून, दिवसाच्या वेळापत्रकात बसवून दिला जात असे. त्यातून पॅरालिंपिक उभे राहिले हे बहुतेकांना ठाऊक असते. या धाग्यात मला मैदानापेक्षा वॉर्डाबद्दल जास्त लिहायचे आहे, कारण वॉर्डात काय चालले होते हे समजले नाही तर क्रीडास्पर्धा ही केवळ एका कनवाळू माणसाला सुचलेली कल्पना वाटते, आणि ती तशी मुळीच नव्हती.

गुटमन यांचा जन्म 3 जुलै 1899 रोजी अप्पर सायलेशियातील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. पुढे कुटुंब कोनिग्सह्यूटे या कोळशाच्या खाणींच्या शहरात राहायला गेले. 1917 साली तेथील अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करताना त्यांनी पाठीचा कणा मोडलेला एक तरुण, धडधाकट खाणकामगार पाहिला. त्याच्याविषयी फार काही लिहून ठेवण्याची गरज नाही, तो काही आठवड्यांत जाणारच आहे, असे त्यांना सांगण्यात आले. सुमारे पाच आठवड्यांनी तो खरोखरच गेला. मृत्यूचे कारण होते रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. कणा मोडल्याने माणूस मरत नाही, नंतरच्या हेळसांडीने मरतो, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यभराच्या कामाच्या मुळाशी आहे.

ब्रेस्लाऊ येथे शिक्षण सुरू करून 1924 साली फ्रायबुर्ग येथून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. ओटफ्रिड फोर्स्टर या ख्यातनाम मज्जासंस्थातज्ज्ञाच्या हाताखाली ते ब्रेस्लाऊत तयार झाले. 1933 साली नाझी सत्तेवर येताच ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन शहरातील ज्यू रुग्णालयात गेले आणि 1937 साली त्या संस्थेचे वैद्यकीय संचालक झाले. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळली जात असताना, जो कोणी दाराशी येईल त्याला कोणताही प्रश्न न विचारता दाखल करून घ्या, असा आदेश त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना दिला. त्या रात्री 64 जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा गुटमन त्यांच्यासोबत खाटेखाटेपाशी फिरले आणि प्रत्येकाचे काही ना काही निदान सांगत राहिले. त्यांपैकी 60 जण अटकेतून वाचले.

त्यांचे पारपत्र तोवर जप्त झाले होते. तरीही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्राला तपासण्यासाठी जर्मन सरकारनेच त्यांना लिस्बनला पाठवले, आणि परतीच्या वाटेवर लंडनमध्ये थांबण्याची मुभा त्यांना मिळाली. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने तेथे त्यांची व्यवस्था लावली. 14 मार्च 1939 रोजी ते पत्नी आणि दोन मुलांसह इंग्लंडमध्ये उतरले. ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले, मात्र रुग्णांवर उपचार करण्याची मोकळीक नव्हती, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी वाढलेल्या त्या माणसाला ती गोष्ट जाचत होती. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात पश्चिम युरोपात जर्मनीविरुद्ध दुसरी आघाडी उघडल्यावर येणाऱ्या जखमींसाठी मणक्याच्या दुखापतींचे स्वतंत्र केंद्र चालवाल का, अशी विचारणा झाली तेव्हा त्यांनी होकार दिला, आणि अट घातली ती एवढीच की काम आपल्या पद्धतीने करू द्यावे. 1 फेब्रुवारी 1944 रोजी एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल येथे, युद्धकाळात उभारलेल्या बराकींत, पंचवीसच्या आसपास खाटांचे हे केंद्र सुरू झाले.

आता वॉर्डाकडे येऊ. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला दोन गोष्टी मारत: शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. कमरेखाली संवेदना नसल्याने एकाच कुशीवर पडून राहिले तरी दुखत नाही. कातडी दबते, रक्तपुरवठा थांबतो, मांस कुजते आणि जखम हाडापर्यंत जाते. मोडलेला कणा स्थिर ठेवण्यासाठी अशा रुग्णाला प्लास्टरच्या साच्यात झोपवण्याची तेव्हा पद्धत होती, आणि त्या साच्याच्या आत नेमके हेच घडत असे. गुटमन यांनी साचे काढून टाकले. दर दोन तासांनी, रात्र असो वा दिवस, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा नियम केला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात हजर होत. मूत्राशय रिकामे करण्यासाठी नळी कायम आत ठेवण्याऐवजी ती ठरावीक वेळाने, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने घालून काढून घ्यायची, आणि हे काम कनिष्ठांवर न ढकलता डॉक्टरांनी करायचे, अशी शिस्त लावली. या पद्धतीचे फलित त्यांनी आणि हान्स फ्रँकेल यांनी 476 रुग्णांच्या अनुभवावर 1966 साली प्रसिद्ध केले. पदके सर्वांना दिसतात. मूत्राशयाविषयी कोणी भाषण करत नाही. पण ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे तो धनुष्य उचलूच शकत नाही.

जगणे शक्य झाल्यावर पुढचा प्रश्न होता तो दिवसभर करायचे काय हा. गुटमन यांनी वॉर्डाला लागून सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग सुरू केले. रुग्ण पुन्हा कर भरणारा नागरिक झाला पाहिजे, अशी त्यांची भाषा असे. खेळ आला तो याच वेळापत्रकात. रुग्ण व्हीलचेअरवर बसून चालायच्या काठ्यांनी एक चकती इकडून तिकडे टोलवताना त्यांना दिसले. मग स्वतः आणि सैन्यातून आलेला व्यायाम प्रशिक्षक, असे दोघे खुर्च्यांत बसून तो खेळ खेळून पाहू लागले. व्हीलचेअर पोलो असा सुरू झाला. तो फार धसमुसळा निघाल्याने बंद करावा लागला आणि त्याची जागा नेटबॉलने घेतली, पुढे बास्केटबॉलने. मात्र खरी भिस्त होती तिरंदाजीवर. बसून खेळता येणारा, धड आणि खांदे बळकट करणारा, आणि धडधाकट माणसाशी बरोबरीने खेळता येईल असा तो खेळ होता.

29 जुलै 1948 रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर 16 जणांची, 14 पुरुष आणि 2 स्त्रियांची, तिरंदाजीची स्पर्धा झाली. प्रतिस्पर्धी संघ रिचमंड येथील माजी सैनिकांच्या निवासातून आला होता. रुग्णांसाठी खास बनवून घेतलेली बस त्याच दिवशी त्यांना भेट मिळाली. मला ती बस स्पर्धेइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे ही माणसे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडू लागली. 1952 साली डच माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. 1960 साली रोम येथे 23 देशांचे 400 खेळाडू ऑलिंपिकपाठोपाठ त्याच शहरात जमले. 1948 च्या हिरवळीपासून तिथपर्यंत बारा वर्षे लागली.

या विषयात काम करणाऱ्यांनी किंवा अनुभव असणाऱ्यांनी भर घालावी, ही विनंती.

हाडवैद्य

उत्तम धागा. नाव हाडवैद्य घेतले असले तरी मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि मणक्याच्या रुग्णांसोबत काम करतो. तिरंदाजीच्या निवडीमागचे शरीरशास्त्र थोडे उलगडून सांगावेसे वाटते, कारण गुटमन यांच्या लेखनात ते फार नेमकेपणाने आले आहे.

आपल्या पाठीत काखेपासून कमरेच्या हाडापर्यंत पसरलेला एक रुंद स्नायू असतो, लॅटिसिमस डॉर्सी. त्याला जाणारी नस मानेतून निघते, पण स्नायूचे खालचे टोक थेट कमरेपाशी चिकटलेले असते. त्यामुळे छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी हा स्नायू मेंदूच्या ताब्यात राहतो, आणि इजेच्या वरचा जिवंत भाग व खालचा बधिर भाग यांना सांधणारा तोच एक मोठा दुवा उरतो. खुर्चीत बसल्यावर तोल कोठे जातो आहे हे अशा रुग्णाला पायांकडून कळत नाही. ते या स्नायूच्या ताणावरून नव्याने शिकावे लागते. धनुष्याची दोरी मागे खेचताना हाच स्नायू राबतो, आणि बाण सुटण्याच्या क्षणी धड स्थिर ठेवावे लागते. डोळे बांधून, आरशासमोर, चेंडू झेलत तोल सांभाळण्याचा जो व्यायाम मी रुग्णांना देतो, त्याचीच ही रंजक आवृत्ती आहे. फरक इतकाच की माझ्या व्यायामाला रुग्ण दहा मिनिटांत कंटाळतात आणि तिरंदाजीला तासभर कंटाळत नाहीत.

दुसरी गोष्ट थेट आजच्या क्रीडावैद्यकाशी जोडलेली आहे. गुटमन आणि ऑक्सफर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांनी 1947 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. साधारणपणे छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या रुग्णाचे मूत्राशय तुंबले की त्याचा रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर चढतो, डोके ठणकते, इजेच्या वर घाम फुटतो आणि नाडी मंदावते, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवले. खालून येणाऱ्या त्रासदायक संदेशांना आवर घालणारा मेंदूचा हुकूम तुटलेल्या जागेच्या पलीकडे पोहोचत नाही, हे त्याचे कारण. पुढे काही खेळाडूंच्या लक्षात आले की चढलेल्या रक्तदाबामुळे शर्यतीत कामगिरी सुधारते. मग मूत्राशय मुद्दाम तुंबवून ठेवणे, पायाच्या बोटाला इजा करून घेणे असले प्रकार सुरू झाले. याला ‘बूस्टिंग’ म्हणतात. त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने 1994 साली त्यावर बंदी घातली. वॉर्डात जीव वाचवण्यासाठी केलेले निरीक्षण स्पर्धेतील लबाडी ओळखण्याच्या कामी यावे, याची गुटमन यांनी कल्पनाही केली नसेल.

घामाविषयीही हेच. क्विनिझरिन नावाची पूड अंगावर पसरून, घाम आला की तिचा रंग बदलतो यावरून कोणत्या भागात घाम येतो व कोणत्या भागात येत नाही याचा नकाशा काढण्याची पद्धत गुटमन यांच्या नावाने ओळखली जाते. इजेखालच्या भागात घाम येत नसल्याने असा खेळाडू उन्हात लवकर तापतो. विदर्भातल्या मे महिन्यात व्हीलचेअर बास्केटबॉलचा सराव घेणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

संशयात्मा

लेख माहितीपूर्ण आहे, पण एकाच माणसाच्या पदरात सगळे टाकण्याची आपली सवय येथेही दिसते. बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी 1930 च्या दशकातच मणक्याच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला होता. कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी घेणे आणि रुग्णाला कामावर परत पाठवणे या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखनात गुटमन यांच्या आधी सापडतात. शिवाय सल्फा औषधे आणि पेनिसिलिन नेमके त्याच काळात हाती आले. मृत्यूचे प्रमाण घसरण्यामागे औषधांचा वाटा किती आणि दर दोन तासांच्या नियमाचा किती, हे वेगळे कसे करणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुटमन यांची कारकीर्द हुकूमशाही वळणाची होती, हे त्यांच्या चाहत्यांनीही लिहून ठेवले आहे. स्पर्धा रुग्णालयाच्या आवारात होत, खेळाडूंचे गट डॉक्टर ठरवत, नियम डॉक्टर करत, आणि अनेक वर्षे या स्पर्धा मज्जारज्जूच्या इजेपुरत्याच मर्यादित राहिल्या. हातपाय गमावलेल्या आणि अंध खेळाडूंना 1976 च्या टोरोंटो स्पर्धेत प्रथम प्रवेश मिळाला. अपंग माणसाने काय खेळावे आणि कोणाविरुद्ध खेळावे हे पांढऱ्या कोटातल्या माणसाने ठरवायचे, ही व्यवस्था आपण आदर्श मानायची का?

पारिजातक

संशयात्मा, मन्रो यांचा उल्लेख लेखात यायला हवा होता, हे मान्य. त्यांचा विभाग आधीचा होता यात वाद नाही. औषधांविषयी आपला मुद्दाही योग्य आहे, आणि दोन्हींचा वाटा आकड्यांत वेगळा काढता येईल असे मलाही वाटत नाही. मात्र एक लक्षात घ्यावे. प्रतिजैविक रक्तातील जंतू मारते; हाडापर्यंत गेलेली जखम दाबाखालीच राहिली तर ती औषधाने भरत नाही. स्टोक मँडेव्हिलला दुसऱ्या रुग्णालयांतून येणारे अनेक रुग्ण खोल शय्याव्रण घेऊनच येत असत, आणि त्यांचा बराच काळ त्या जखमा भरून येण्यातच जाई.

हुकूमशाहीच्या आक्षेपाशी मी अर्धा सहमत आहे. रुग्ण त्यांना ‘पॉपा’ म्हणत, आणि या नावात माया आणि धाक दोन्ही आहेत. अंथरुणात तोंड फिरवून पडलेल्या, जगण्याची इच्छा सोडलेल्या तरुणाला ते सक्तीने उठवून कामाला लावत. आजच्या वैद्यकीय नीतीच्या कसोटीवर त्यातले काही उतरणार नाही. पण त्या काळात समाजाची दुसरी बाजू कोणती होती तेही पाहिले पाहिजे. या माणसांना शांतपणे पडू द्यावे, त्रास देऊ नये, हीच तेव्हाची सभ्य आणि दयाळू भूमिका होती, आणि त्या दयेची परिणती बहुधा मृत्यूत होत असे. त्या दयेपेक्षा मला गुटमन यांचा दरारा परवडतो. खेळाडूंच्या हाती कारभार यायला पुढची पिढी लागली हे खरे, आणि तो डॉक्टरांनी आपणहून दिला नाही, खेळाडूंनी मिळवला, हेही खरे.

कृष्णाकाठ

या धाग्यात मुरलीकांत पेटकर यांचे नाव अजून कसे आले नाही? सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा माणूस गुटमन यांच्या कल्पनेचा आपल्या मातीतला सर्वांत ठळक दाखला आहे.

पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, आणि कण्यात रुतलेल्या गोळीने त्यांना व्हीलचेअरवर आणले. मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, ‘अश्विनी’त, त्यांना पोहायला लावले ते उपचार म्हणून. पाण्यात शरीराचे वजन हलके होते, पायांचे ओझे हातांना वाहावे लागत नाही, आणि खांद्यांना पूर्ण व्यायाम मिळतो. म्हणजे स्टोक मँडेव्हिलला तिरंदाजीने जे साधले, ते येथे पोहण्याने साधले. 1968 साली तेल अविव येथील स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. 1972 साली हायडलबर्ग येथे 50 मीटर मुक्तशैली पोहण्यात 37.33 सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. त्याच स्पर्धेत ते भालाफेक आणि स्लॅलम, म्हणजे अडथळ्यांतून खुर्ची चालवण्याची शर्यत, यांतही उतरले होते. त्यानंतर पुण्यात टेल्कोत त्यांनी नोकरी केली. पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडले. ही 46 वर्षे कोणाच्या खात्यावर टाकायची, ते वाचकांनी ठरवावे.

हायडलबर्गविषयी आणखी एक. ती स्पर्धा म्यूनिकलाच व्हायची होती, पण तेथील क्रीडाग्राम घरे म्हणून विकायचे ठरल्याने ती हायडलबर्गला गेली. ज्या देशातून गुटमन यांना मुलाबाळांसह बाहेर पडावे लागले, त्याच देशात ते तेहेतीस वर्षांनी या चळवळीचे प्रमुख म्हणून उभे होते, आणि पेठचा एक जवान तेथे पोहत होता.

मावळतीकर

रोमविषयी एक तपशील. 1960 साली खेळाडूंची राहण्याची सोय ज्या इमारतींत केली होती त्या खांबांवर उभ्या होत्या आणि वर जायला जिने होते. खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वरखाली नेण्यासाठी इटालियन सैनिक नेमावे लागले. स्पर्धेचा आग्रह धरणारे इटालियन डॉक्टर अंतोनियो माल्यो होते. चार वर्षांनी टोकियोची स्पर्धा उभी करण्यात डॉ. युताका नाकामुरा पुढे होते, आणि त्यांनी 1960 साली स्टोक मँडेव्हिल येथे राहून हे काम पाहिलेले होते. म्हणजे या स्पर्धा देशोदेशी नेणारे बरेचसे लोक डॉक्टरच होते. संशयात्मा यांना पांढरा कोट खटकतो ते समजते, पण सुरुवातीच्या काळात दुसरा कोट पुढे आलाच नव्हता.

रेवदंडा

आमच्या भागात मणका मोडण्याचे कारण युद्ध नसते, झाड असते. नारळावरून, आंब्यावरून, कौले शाकारताना छपरावरून पडलेले लोक प्रत्येक गावात सापडतात. माझा चुलतभाऊ माडावरून पडला आणि कमरेखाली गेला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण घरी सोडताना कूस बदलण्याविषयी आम्हांला कोणी नीट समजावून सांगितले नाही, आणि पहिल्या पावसाळ्यातच त्याला माकडहाडापाशी मोठी जखम झाली. ती भरायला कित्येक महिने गेले. आता तो बरा आहे, दारात बसून जाळी विणतो. नळी कायम ठेवलेली आहे, आणि वरचेवर ताप येतो. मूळ लेखात गुटमन यांची पद्धत वाचली. पण डॉक्टरांनी पूर्ण निर्जंतुक पद्धतीने दिवसातून इतक्या वेळा नळी घालायची, हे खेड्यातल्या घरात कसे शक्य आहे?

हाडवैद्य

रेवदंडा, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर गुटमन यांच्याकडे नाही, ते अमेरिकेतील मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांच्याकडे आहे. लॅपिडिस यांनी 1972 साली दाखवून दिले की नळी निर्जंतुक नसली, केवळ स्वच्छ असली, आणि ती रुग्णाने स्वतःच ठरावीक वेळाने घातली, तरी चालते. त्यांचे म्हणणे असे होते की थोडे जंतू आत जाण्यापेक्षा मूत्राशय ताणून तुंबणे अधिक घातक असते, कारण ताणलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग जंतू फोफावतात. गुटमन यांना हे मानवले नसते, पण ठरावीक वेळाने मूत्राशय रिकामे करण्याचे त्यांचे मूळ तत्त्व घराघरांत पोहोचले ते या सवलतीमुळे. ज्याचे हात चांगले चालतात, जो जाळी विणू शकतो, त्याला ही पद्धत सहसा शिकता येते. मात्र मूत्राशयातील दाब आधी तपासून घ्यावा लागतो, म्हणून मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय स्वतःहून बदल करू नये. मुंबईला येणे शक्य असेल तर हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून हेच काम करते आहे. पुण्याला खडकीत 1974 पासून पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, पण ते सैन्यातील लोकांसाठी आहे.

खुर्चीत बसताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन किंवा पुढे वाकून बूड मोकळे करायची सवय त्यांना लावा, आणि रोज आरशात पाठीमागची कातडी पाहू द्या. तांबूस डाग दिसला आणि तो दाब काढल्यावरही गेला नाही, तर त्या दिवशी त्या भागावर बसायचे नाही. एवढे पाळले तर दुसरी जखम टळू शकते.

संशयात्मा

रेवदंडा यांचा अनुभव वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातला सूर थोडा पुस्तकी होता असे वाटले. आता एक शंका. पेटकर यांच्या स्पर्धेच्या अधिकृत नावात 3 हा आकडा येतो. तो कशाचा?

पारिजातक

तो वर्गाचा आकडा आहे. त्या काळी मज्जारज्जूला इजा कोणत्या पातळीवर झाली आहे यावरून डॉक्टर खेळाडूंचे वर्ग पाडत. आकडा लहान तितकी इजा वर, म्हणजे मानेकडे, आणि शिल्लक स्नायू कमी. आकडा मोठा तितकी इजा खाली, कमरेकडे. छातीचे आणि पोटाचे स्नायू चालतात की नाही यावर पोहताना धड पाण्यात कसे राहते हे ठरते, त्यामुळे ही विभागणी निरर्थक नव्हती. तिचा दोष असा की वर्गांची संख्या वाढत गेली, एकेका वर्गात मोजकेच स्पर्धक उरू लागले, आणि मज्जारज्जूची इजा नसलेल्या खेळाडूला त्या चौकटीत बसवता येईना. म्हणून पुढे निदानाऐवजी खेळाडू प्रत्यक्ष कोणती हालचाल करू शकतो हे पाहून वर्ग ठरवण्याची पद्धत आली. ती व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये आधी रुजली आणि पोहण्यात नंतर आली. आपला पहिला आक्षेप ज्या व्यवस्थेवर होता, ती गुटमन यांच्या पश्चात अशी बदलली.

त्यांच्या अखेरच्या काळाविषयीही येथेच लिहितो. 1966 साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि 1976 साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी अपंगांच्या क्रीडेवरील त्यांचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रत्येक खेळाचा विचार शरीरक्रियेच्या अंगाने केलेला आहे. 1980 च्या ऑलिंपिकचे यजमान असलेल्या सोव्हिएत संघाने अपंगांची स्पर्धा भरवण्यास नकार दिला, म्हणून ती नेदरलँड्समधील आर्नहेम येथे जूनमध्ये झाली. गुटमन 18 मार्च 1980 रोजी हृदयविकाराने वारले होते.